नव्या फोनच्या बॅटरीविषयी

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नवा फोन संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, तेव्हा बॅटरीच सदोष निघाली असावी का आणि फोन परत करावा का, असे तू विचारले आहेस. बोलतानाही याचे उत्तर देता आले असते. पण बॅटऱ्यांच्या चाचण्या घेण्यातच माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली असल्यामुळे या बाबतीत तुला ऐकीव, अर्धवट माहितीवर सोडणे मला बरे वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट, इतक्यात परत करू नकोस. नवा फोन सुरू केल्यावर पहिले काही दिवस तो आतल्या आत बरेच काम करत असतो. जुन्या फोनमधून आलेले फोटो तपासून त्यांतले चेहरे आणि ठिकाणे ओळखणे, पुढे शोधता यावे म्हणून सगळ्या मजकुराची सूची बनवणे, एकामागून एक ॲप अपडेट करणे, क्लाउडवरचा साठा उतरवून घेणे, हे सारे स्क्रीन बंद असतानाही चालू राहते, आणि खिशातला फोन विनाकारण कोमट लागतो तो बहुधा त्यामुळेच. शिवाय तू कोणते ॲप केव्हा उघडतोस याचा अंदाज फोनला अजून आलेला नसतो. त्यात नव्या वस्तूला हात जास्त लागतो, हे आलेच. आठवडाभर जाऊ दे आणि मगच मत बनव.

बॅटरी टिकवण्याविषयी बोलताना दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. एकदा भरलेली बॅटरी आज रात्रीपर्यंत कशी पुरेल हा एक प्रश्न. तीच बॅटरी तीन-चार वर्षांनीही धड कशी राहील हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तू फोन कसा वापरतोस यात आहे, तर दुसऱ्याचे मुख्यतः तो कसा चार्ज करतोस आणि किती तापू देतोस यात. एका प्रश्नाचा उपाय दुसऱ्याला लावला की माणूस नुसता त्रास करून घेतो आणि हाती काही लागत नाही.

आजच्या दिवसाचे आधी पाहू. तुझ्या फोनची बॅटरी ५००० एमएएच असेल, तर तिच्यात साधारण १९ वॉट-तास वीज मावते. एवढ्या विजेवर ९ वॉटचा एलईडी दिवा जेमतेम दोन तास जळेल. त्यातच फोनला दिवसभर स्क्रीन, कॅमेरा, नेटवर्क आणि प्रोसेसर चालवायचा असतो. म्हणून वाय-फायचे किंवा ब्लूटूथचे बटण सतत चालू-बंद करत बसण्यापेक्षा मोठे खाणारे कोण आहेत ते शोधणे महत्त्वाचे. वाय-फाय आणि ब्लूटूथ नुसते चालू राहिल्याने फारसा फरक पडत नाही.

सगळ्यात मोठी खाणारी बहुतेक वेळा स्क्रीनच असते. ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होण्याची सोय चालू ठेव; घरात बसून पूर्ण ब्राइटनेसवर वाचण्याची सवय असेल तर तेवढी एक मोडलीस तरी फरक दिसेल. डार्क मोडविषयी मात्र नेमके समजून घे. ओएलईडी स्क्रीनमध्ये प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि काळ्या जागी तो बंद असतो, म्हणून तिथे वीज वाचते. एलसीडी स्क्रीनमध्ये मागचा दिवा तसाच जळत राहतो, म्हणून जवळजवळ काहीच वाचत नाही. ओएलईडीवरही बचत ब्राइटनेसवर अवलंबून असते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये केलेल्या मोजणीत पूर्ण ब्राइटनेसला डार्क मोडने सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली, पण ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना बचत केवळ ३ ते ९ टक्के भरली. डोळ्यांना बरे वाटत असेल तर खुशाल वापर, पण घरात बसल्या जागी त्याच्यावर फार भिस्त ठेवू नकोस. स्क्रीन १२० हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी, असेल तर ६० हर्ट्‌झवर आणल्यानेही काही वीज वाचते. प्रवासाच्या दिवशी तेवढे करावे, रोज करण्याची गरज नाही. आणि स्क्रीन आपोआप विझण्याची वेळ अर्ध्या मिनिटावर ठेव.

दुसरा खाणारा लोकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे कमकुवत रेंज. टॉवर लांब असला किंवा मध्ये जाड भिंती असल्या की फोनला आपला आवाज तिथवर पोहोचवण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो, आणि रेंज पूर्ण गेली तर तो पुन्हा पुन्हा नेटवर्क शोधत राहतो. तळघरात किंवा धावत्या गाडीत फोनला हातही न लावता बॅटरी झपाट्याने उतरते ती यामुळे. जिथे रेंज येणारच नाही हे ठाऊक आहे तिथे सरळ एअरप्लेन मोड लाव. घरात किंवा ऑफिसात वाय-फाय असेल तर मोबाइल डेटापेक्षा तेच वापर, कारण बहुतेक वेळा त्याला कमी वीज लागते. आणि ५जी तुझ्याकडे धड येत नसेल, फोन सारखा ४जी आणि ५जीमध्ये हेलकावे खात असेल, तर काही दिवस ४जीवर ठेवून पाहा. तुझी मुख्य तक्रार इथेच मिटण्याची शक्यता मला जास्त वाटते, कारण तुझ्या खोलीतून बोलताना आवाज वरचेवर तुटतो.

तिसरे म्हणजे पडद्यामागे चालणारी ॲप्स. यासाठी कोणतेही बॅटरी वाचवणारे ॲप घेऊ नकोस. ते स्वतःच चालू राहून वीज खाते आणि वर जाहिराती दाखवते. सेटिंग्जमधले बॅटरीचे पान उघड. तिथे बॅटरी कशी उतरत गेली याचा आलेख असतो, तो नीट निरखून पाहा. दिवसाच्या उताराने काही कळत नाही, कारण तेव्हा तू फोन वापरत असतोस. रात्रीचा भाग पाहा. तू झोपलेला असताना, फोन चार्जरला लावलेला नसताना, ती रेघ जवळजवळ आडवी असायला हवी. रात्रभरात दोन-चार टक्के उतरले तर काळजी नाही. पण रेघ मध्यरात्रीनंतरही उतरतच गेली असेल आणि सकाळी पंधरा-वीस टक्के गायब असतील, तर कोणीतरी जागे राहिले आहे हे नक्की. त्याच पानावर खाली ॲप्सची यादी असते. ज्या ॲपचा स्क्रीनवरचा वेळ नगण्य आणि पडद्यामागचा वेळ तासांत आहे, तेच तुझे गुन्हेगार. त्याला पडद्यामागे चालण्याची परवानगी नाकार, लोकेशनची परवानगी फक्त वापरताना एवढीच ठेव, आणि ते ॲप लागतच नसेल तर काढून टाक. मेसेज आणि फोनच्या ॲपवर मात्र हा प्रयोग करू नकोस, नाहीतर महत्त्वाचे निरोप वेळेवर मिळणार नाहीत.

उघडलेली ॲप्स एकेक करून वर सरकवून बंद करण्याची तुझी सवय मी पाहिली आहे. तिची गरज नाही. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून पडून असलेल्या फोनला गाढ झोपवण्याची व्यवस्था आहे, आणि २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून तुझ्या वापरावरून कमी लागणाऱ्या ॲप्सना आवरण्याचीही. बंद केलेले ॲप पुन्हा उघडताना सगळे नव्याने वाचून घ्यावे लागते, त्यालाच जास्त वीज जाते. २०१६ मध्ये ॲपलचे क्रेग फेडरिगी आणि अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर या दोघांनीही बॅटरीसाठी असे करण्याची आवश्यकता नाही, असेच सांगितले होते. एखादे ॲप अडकले असेल तर गोष्ट वेगळी.

आता दुसरा, दीर्घ पल्ल्याचा प्रश्न, जो मला अधिक जिव्हाळ्याचा आहे. तुझ्या फोनमधली बॅटरी लिथियम-आयन जातीची आहे. ती पहिल्यांदा बाजारात आली १९९१ मध्ये, आणि तिच्या घडणीबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. चार्ज होताना लिथियमचे आयन एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना परततात. ग्राफाइटवर एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. तो बॅटरीला आवश्यकच असतो, पण वर्षानुवर्षे हळूहळू जाड होत जातो आणि थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. बॅटरी जुनी होते म्हणजे मुख्यतः हेच होते. हे थांबवता येत नाही, पण त्याचा वेग आपल्या हातात असतो, आणि तो वाढवणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे उष्णता आणि बॅटरी सतत काठोकाठ भरलेली ठेवणे. दोन्ही एकत्र आल्या तर नुकसान सर्वाधिक.

म्हणून पहिल्यांदा आठ तास चार्ज कर, मग पूर्ण उतरव, असे कोणी सांगितले तर ऐकू नकोस. तो सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयनला पूर्ण उतरवण्याची गरज नसते, उलट वरचेवर शून्यावर नेल्याने तिला त्रासच होतो. वीस टक्क्यांवर चार्जिंगला लावून ऐंशीच्या आसपास काढले तर ते तिला मानवते. दिवसातून दोनदा थोडे थोडे चार्ज केल्याने बॅटरीचे आवर्तन, म्हणजे शंभर टक्के वीज एकदा वापरली जाणे, फुकट जाते असेही नाही. पन्नास टक्के दोनदा वापरले म्हणजे मिळून एकच आवर्तन धरले जाते. ही आवर्तने किती टिकतात याचाही अंदाज असू दे. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहाव्यात अशा बनवलेल्या आहेत, आयफोन १५ पासून हा आकडा १००० आहे. आणि युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनसाठी किमान ८०० आवर्तनांची अट आहे.

रात्रभर चार्जिंगला लावल्याने बॅटरी प्रमाणाबाहेर भरत नाही, कारण पूर्ण भरल्यावर फोन स्वतःच वीज घेणे थांबवतो. प्रश्न आहे तो तासन्‌तास शंभरावर पडून राहण्याचा. सेटिंग्जमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची किंवा तू उठण्याच्या सुमारास उरलेले भरण्याची सोय असेल, तर ती चालू कर. ऐंशीच्या पुढे चार्जिंग मंदावते तेही मुद्दाम ठेवलेले आहे, तेव्हा त्या शेवटच्या वीस टक्क्यांसाठी ताटकळत बसू नकोस. मात्र दिवसभर बाहेर राहायचे असेल तेव्हा बिनदिक्कत शंभर टक्के भर. ऐंशीचा नियम पाळण्यासाठी दुपारी बंद पडलेला फोन हातात घेऊन फिरणे मला अजिबात शहाणपणाचे वाटत नाही.

उष्णतेच्या बाबतीत मात्र मी तडजोड करणार नाही. ० ते ३५ अंश सेल्सिअस ही फोन वापरण्याची साधारण सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आत ती केव्हाच ओलांडली जाते. चार्ज होत असताना गेम खेळू नकोस, उशीखाली किंवा पांघरुणात फोन ठेवू नकोस, आणि गाडीच्या काचेजवळ उन्हात लावून, नकाशा चालू ठेवून, वर चार्जिंगही करण्याचे टाळ, कारण तिथे तीन बाजूंनी उष्णता येते. चार्ज होताना फोन हाताला चटका देईल इतका तापला तर कव्हर काढ, चार्जर काढ आणि सावलीत ठेव. फ्रिजमध्ये कधीही ठेवू नकोस, आत पाणी साचते. जलद चार्जिंग घातक नाही, पण ते अधिक तापवते, म्हणून घाई नसेल तेव्हा साधा चार्जर बरा. वायरलेस चार्जिंगमध्येही बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते.

तुझा जुना फोन खणात ठेवणार असशील तर साधारण निम्मा चार्ज करून, बंद करून ठेव. आणि त्याची पाठ किंवा स्क्रीन कधी फुगलेली, उचललेली दिसली, तर तो चार्ज करू नकोस, दाबू किंवा टोचू नकोस. सरळ अधिकृत सेवा केंद्रात नेऊन दे.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. परत करण्याची मुदत कोणत्या तारखेला संपते ते बिलावर आजच पाहून ठेव. आठवडा झाला की एका रात्री फोन चार्जिंगला न लावता, एअरप्लेन मोडवर ठेवून झोप आणि सकाळी बॅटरीच्या पानाचा फोटो मला पाठव. रेघ आडवी राहिली असेल तर बॅटरी बहुधा ठीक आहे, आणि दोष रेंजचा किंवा एखाद्या ॲपचा आहे; मग आपण ती यादी मिळून पाहू. नेटवर्क बंद असून, कोणतेही ॲप जागे नसूनही ती तशीच उतरली असेल, तर मुदत संपायच्या आत फोन बदलून घे, आणि दुकानदार काहीही म्हणाला तरी तो फोटो त्याच्यासमोर ठेव.

तुझी,
आई