‘टाके’ हा ‘टँक’चा अपभ्रंश नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत ‘टँक’ या इंग्रजी शब्दाच्या अनेक अर्थांवरील टिपण वाचले. मोटारीच्या इंधनाच्या टाकीपासून मासे ठेवण्याच्या काचेच्या पेटीपर्यंत हा एकच शब्द कसा पसरला, आणि पोहण्याच्या तलावाला टँक म्हणत असल्यामुळे तिथल्या पोशाखावरून ‘टँक टॉप’ हे नाव कसे पडले, हे लेखकाने नेटके सांगितले आहे. मात्र शेवटी ‘मराठीतील टाके व टाकी हे टँकचेच अपभ्रंश होत’ असे जे वाक्य त्यांनी लिहिले आहे, ते साफ चुकीचे आहे. ते वाचून रात्रभर मला चैन पडले नाही.

‘टँक’ हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या आरंभी दिसू लागतो, आणि दिसतो तोही हिंदुस्थानातील तळी व पाणीसाठे यांच्या वर्णनात. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली निघाला. त्यातील या शब्दाच्या नोंदीत दोन घराण्यांचा विचार केलेला आहे: एक आपल्याकडचे, म्हणजे गुजरातीसारख्या भाषांतील टांकें, आणि दुसरे पोर्तुगीज भाषेतील, ज्याचा संबंध पाणी अडवण्याशी लावतात. अभ्यासकांचा वाद आहे तो या दोहोंत थोरले कोण, एवढ्यापुरता. टाके इंग्रजीतून मराठीत आले, हा पक्ष त्या वादात नाहीच. टाके म्हणजे खडकात कोरलेला पाणीसाठा; सह्याद्रीतील लेण्यांच्या ब्राह्मी शिलालेखांत अशा साठ्याला ‘पोढी’ म्हटले आहे. म्हणजे इंग्रजांचे जहाज सुरतेला लागण्यापूर्वी दीड हजार वर्षे या वस्तूला आपल्याकडे नाव होते आणि ती घडवणारे हातही होते.

मला हे इतके लागते, त्याला कारण आहे. माझे वडील पाथरवट होते. गावोगाव हिंडून ते जाती आणि पाटे टाकवून देत. टाकी म्हणजे दगड घडवण्याची छिन्नी, हे आजच्या वाचकांपैकी अनेकांना सांगावे लागेल, पण ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण तरी सर्वांना ठाऊक असावी. वडिलांच्या टाकीचे डोके हातोडीचे घाव खाऊन चहूबाजूंनी उलटे वळले होते आणि टोक बोथट झाले, की ते लोहाराकडे नेऊन तिला पाणी देऊन आणत. त्या टाकीने खडकात जे खोदतात ते टाके, असे ते सांगत. संस्कृतातही ‘टङ्क’ म्हणजे दगड फोडण्याचे हत्यारच आहे. ही व्युत्पत्ती वडिलांना कोणत्याही पुस्तकाने शिकवली नव्हती, आणि मला ती आजही पटते.

१९७८ साली मी जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयात शिकत असताना इंग्रजीच्या प्राध्यापकांनी हाच शब्द फळ्यावर लिहिला. मी उभा राहून वडिलांचे म्हणणे सांगितले. त्यांनी ते पुरते ऐकूनही घेतले नाही आणि ‘खेड्यातली माणसे इंग्रजी शब्दांची अशीच मोडतोड करतात, मग तोच आपला शब्द समजतात’ असे भर वर्गात म्हणाले. वर्ग हसला. मी खाली बसलो, आणि त्या सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना यातले काहीच सांगितले नाही. पुढे शिक्षकाची नोकरी करताना एका ग्रंथालयात वर उल्लेख केलेला कोश हाती आला, तेव्हा वडील हयात नव्हते. ते पान मी उभ्या उभ्या तीनदा वाचले. जे वाक्य त्या वर्गात ऐकले, तेच आता आपल्या पुरवणीत छापून आले आहे, आणि ते हजारो मुले वाचणार आहेत.

रणगाड्याच्या नावाबद्दलही टिपणात एका ओळीपलीकडे काही नाही. हे यंत्र बांधताना त्याचा खरा उपयोग लपवण्यासाठी, मेसोपोटेमियात पाणी नेण्याच्या टाक्या तयार होत आहेत, अशी हूल इंग्लंडमध्ये उठवून दिली होती. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ही यंत्रे प्रथम उतरली आणि लपवण्यासाठी घेतलेले नाव त्यांना कायमचे चिकटले. आम्हा मराठवाड्यातील लोकांना मात्र या शब्दाचा पाण्याखेरीज दुसरा अर्थ सुचत नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात आली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. गावात टँकर आल्यावर घागरी घेऊन धावणाऱ्या बाईला या शब्दाचे मूळ विचारण्याचे कारण नाही, पण ते लिहिणाऱ्याने तरी नीट लिहावे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. गेल्या महिन्यात आपल्याच अंकात देवगिरी किल्ल्यावरील बातमीत खडकात कोरलेल्या टाक्याला ‘वॉटर टँक’ आणि हत्ती हौदाला ‘एलिफंट टँक’ म्हटले होते. वार्ताहराने माहितीफलकावरचे इंग्रजी तसेच उतरवून घेतले असावे. ज्या किल्ल्यावर त्या टाक्याच्या भिंतीवर टाकीचे ओरखडे अजून बोटांना लागतात, तिथले टाके मराठी वृत्तपत्रात तरी टाकेच राहावे.

टिपणातील त्या वाक्याची दुरुस्ती पुढील रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई