आई-बाबा, तो जुना मोबाईल टाकू नका

ती. आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की टाइम-लॅप्स म्हणजे नुसता पळवलेला व्हिडिओच ना, मग त्यात एवढं काय, आणि तेवढ्यात आईने फोन घेतला, म्हणून उत्तर लिहूनच पाठवतेय. शिवाय या पत्रात तुमच्या दोघांसाठी थोडं कामही आहे, ते फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही हो हो म्हणून विसरला असतात.

तर, पळवलेला व्हिडिओ नाही तो. व्हिडिओत कॅमेरा सेकंदाला चोवीस-तीस चित्रं घेतो आणि तेवढ्याच वेगाने दाखवतो. टाइम-लॅप्समध्ये घ्यायची सावकाश आणि दाखवायची नेहमीच्या वेगाने. समजा दर ५ मिनिटांनी एक फोटो घेतला तर २४ तासांत २८८ फोटो होतात, आणि ते सेकंदाला २४ या हिशोबाने लावले की बरोबर १२ सेकंद. अख्खा दिवस आणि अख्खी रात्र. तुम्हाला हिशोब आवडतो म्हणून आधी हे सांगितलं, आई मात्र हे ऐकून म्हणेल मुद्द्यावर ये.

मुद्दा असा की झाडं हलतात. वाऱ्याने नाही, आपली आपण. घेवड्याच्या वेलाचा शेंडा बघा, आपल्याला तो जागच्या जागी उभा दिसतो, पण तो हवेत गोल गोल फिरत आधार शोधत असतो, आणि उबदार हवेत साधारण दोनेक तासांत त्याची एक फेरी पूर्ण होते. समोर बसून टक लावून बघितलं तरी ते कळत नाही, कारण आपल्या डोळ्यांना एवढा संथ वेग पकडताच येत नाही. फोटो जोडले की एकदम दिसतं, काठी सापडली की तो कसा तिला वेढा घालून वर चढतो ते. मला तर पहिल्यांदा बघितल्यावर जरा भीतीच वाटली होती, इतकं ते हेतू असल्यासारखं दिसतं.

आणि हे कॅमेऱ्याशिवायही बघितलंय लोकांनी. डार्विन, तोच तो उत्क्रांतीवाला, त्याने रोपाच्या शेंड्याला काचेचा अगदी बारीक तंतू चिकटवला, तंतूच्या टोकाला काळ्या लाखेचा एवढासा मणी, मागे एका कार्डावर ठिपका, आणि पुढे काच. मणी आणि ठिपका एका रेषेत आले की काचेवर एक खूण करायची, थोड्या वेळाने परत बघून परत खूण, आणि शेवटी सगळे ठिपके जोडायचे. म्हणजे टाइम-लॅप्सच की, फक्त हाताने केलेला. त्याचं वनस्पतींच्या हालचालींवरचं पुस्तक १८८० मध्ये आलं तेव्हा तो ७१ वर्षांचा होता आणि या कामात मुलगा फ्रान्सिस मदतीला होता. बाबा, वयाचं कारण तुम्ही सांगणारच, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पण मला खरा आवडतो तो पर्सी स्मिथ. इंग्लंडमधल्या शिक्षण खात्यात कारकून होता आधी, आणि पुढे घरातच फुलं उमलतानाच्या फिल्म काढायला लागला. १९१० मध्ये त्याची फुलं उमलण्याची फिल्म आली तेव्हा बहुतेक लोकांनी असलं काही पडद्यावर कधी बघितलंच नव्हतं. तर या माणसाचं सामान काय, तर घरात सापडेल ते जोडून केलेली जुगाडं. रात्री कॅमेऱ्यातली फिल्म बदलायची वेळ झाली की त्याला उठवायला घरभर घंटा लावलेल्या. आज आपण ज्याला हौसेने अपसायकलिंग म्हणतो ते हा माणूस गरज म्हणून करत होता, कारण त्याला हवं ते यंत्र विकत मिळतच नव्हतं. म्हणजे फुलं उमलताना बघणं आणि अडगळीतून काहीतरी बनवणं या दोन गोष्टी सुरुवातीपासूनच एका घरात नांदल्यात, आणि आपल्याकडे बाबांचा ड्रॉवर आणि आईचे हात दोन्ही आहेत, तेव्हा पुढे वाचा.

कपाटातला तो जुना मोबाईल बाहेर काढा. बॅटरी टिकत नाही म्हणून तो बाजूला पडला, पण इथे तो चार्जरलाच लावून ठेवायचाय, त्यामुळे बॅटरी टिकली नाही तरी चालतं. कॅमेरा ठणठणीत आहे. फक्त आधी मागची बाजू नीट बघा, कुठे फुगलेली दिसली तर त्याला चार्जर लावायचाच नाही, तो सरळ ई-कचऱ्यात द्यायचा, तिथे काटकसर नको. ठीक असेल तर कव्हर काढून टाका म्हणजे तापणार नाही, उन्हात ठेवू नका, आणि एअरप्लेन मोड लावा. जागेचं म्हणाल तर एक फोटो ३ एमबीचा धरला तरी २८८ फोटो १ जीबीच्या आतच बसतात.

आता स्टँड. विकतचा ट्रायपॉड आणायचा नाही, मी सांगून ठेवते. प्लास्टिकची बाटली वरून कापा, निम्मी वाळूने भरा म्हणजे पडणार नाही, कडेला मोबाईल बसेल एवढी खाच पाडा, वर एक कागदाची क्लिप. बस. हलता कामा नये एवढीच अट, कारण स्टँड जरासा सरकला तरी पुढचं सगळं चित्र उडी मारतं.

बाबा, तुमच्याकडे चावीचा किचन टायमर पडलाय ना, घंटी न वाजणारा? तो अजिबात टाकू नका. तो ६० मिनिटांत एक पूर्ण फेरी घेतो, म्हणजे मिनिटाला ६ अंश. त्याच्यावर एका डब्याचं झाकण चिकटवून मोबाईल मधोमध ठेवला, वजन एका बाजूला जाऊ दिलं नाही, की १५ मिनिटांत कॅमेरा ९० अंश वळतो, अगदी सावकाश. ढग असतील त्या दिवशी खिडकीत हे लावून बघा. फिरते कॅमेरे दुकानात किती महाग मिळतात ते बघितलं की या टायमरला नमस्कार कराल. भिंतीवरच्या घड्याळाची यंत्रणा वापरायचा मोह तुम्हाला होणार, मला माहितीये, पण तिचा तासकाटा मोबाईलचं वजन ओढत नाही.

आई, आता तुझं. वर्तमानपत्राच्या नळ्यांची जी टोपली तू करतेस ना, कागद विणकामाच्या सुईवर तिरपा गुंडाळून, टोक चिकटवून आणि एका नळीत दुसरी खोचून, तिचा टाइम-लॅप्स मला हवाय. मोबाईल वरून खाली बघेल असा लावायचा, दर १० सेकंदांनी फोटो. तू तुझं काम कर, कॅमेऱ्याकडे बघू नकोस. खरं सांगू का, झाड वाढतानाचे व्हिडिओ आणि टोपली विणतानाचे व्हिडिओ बघताना मला एकच मजा येते, काहीच नसतं तिथून एक एक फेरी करत वस्तू उभी राहते.

डब्याचा दिवा पण करायचाय. पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडताना तो चेपतो अशी तुझी तक्रार होती. डब्यात वरची थोडी जागा सोडून पाणी भर, फ्रीझरमध्ये गोठव आणि मग ठोक. आतला बर्फ पत्र्याला आधार देतो आणि भोक स्वच्छ पडतं. कडा धारदार होतात मात्र, हाताला जप.

एक मत, रागावू नकोस. काचेच्या बाटलीला चमकी चिकटवून, वर गरम गोंदाची फुलं लावून कोपऱ्यात ठेवायची, हे मला पटत नाही. साधी काच पुन्हा वितळवून वापरता तरी आली असती, तिला प्लास्टिकचा चुरा चिकटवला की तेही अवघड होतं आणि वस्तूही कुणी वापरत नाही. तुझी जुन्या सुती कपड्यांची गोधडी बघ, तिच्यात एकही टाका दाखवण्यासाठी नाही. टाकाऊ म्हणजे फालतू दिसलंच पाहिजे असं कुठेय? चंडीगडचं रॉक गार्डन नेक चंद यांनी असंच उभं केलं, रस्त्यांच्या कामावरचा साधा सरकारी माणूस, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून गुपचूप फुटक्या बांगड्या, तुटक्या कपबशा, फरशांचे तुकडे गोळा करून पुतळे करत राहिला, आणि १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. पुढे पद्मश्री मिळाली. तिथे मोडकी वस्तू लपवलेली नाही, तिचाच रंग कामाला आणलाय.

तर तुझ्या हातच्या वापरायच्या वस्तूंतली एक मला खास हवीये, वातीची कुंडी. बाटली मधून काप, वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसव, तोंडातून जुन्या सुती टी-शर्टची पट्टी खाली सोड, वर माती, खाली पाणी. पट्टी पाणी वर ओढते. बाहेरून कापडाने झाक, नाहीतर उजेडाने आत शेवाळ धरतं. टाइम-लॅप्ससाठी ही कुंडी एकदम सोयीची, कारण पाणी घालायला कुणी कुंडी उचलत नाही आणि फ्रेम हलत नाही. आणि वेफर्सच्या रिकाम्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू पुठ्ठ्यावर लाव, सावलीतल्या बाजूला उजेड परत फेकायला.

काय काय बघता येईल त्याला अंत नाही. चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात. लाजाळूचीही मिटतात, आणि द मेराँ नावाच्या फ्रेंच माणसाने १७२९ मध्ये असंच एक रोप अंधारात ठेवून बघितलं तरी पानं आपली वेळेवर उघडत-मिटत राहिली, म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच आहे. कोवळं सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे वळतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण रात्री ते परत पूर्वेकडे येऊन सूर्य उगवायच्या आधीच तयार असतं हे कुणी सांगत नाही. खोडाची पूर्वेकडची बाजू दिवसा जास्त वाढते आणि पश्चिमेकडची रात्री, त्यामुळे मान वळते. पूर्ण वाढ झाली की वळणं थांबतं आणि फूल पूर्वेकडेच तोंड करून राहतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की पूर्वेकडचं फूल सकाळी लवकर तापतं आणि त्याच्याकडे मधमाश्या जास्त येतात.

आणि ब्रह्मकमळ! कळी फुगली की अंधार पडायच्या आधी कॅमेरा लावा, दर ३० सेकंदांनी फोटो, ४ तासांचे ४८० म्हणजे २० सेकंदांची फिल्म. बाजूला एक छोटा दिवा सारखा चालू ठेवा, मधे बंद-चालू नको. स्क्रीनवर फुलावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, ते नाही केलं तर प्रत्येक फोटो वेगळा उजळ येतो आणि फिल्म लुकलुकते. वर संगीत घालू नका प्लीज, तो छाती भरून येणारा पियानो तर नकोच.

सगळं सुंदरच दिसतं असंही नाही. जेम्स बॅलॉग या फोटोग्राफरने २००७ पासून ग्रीनलँड, आइसलँड, अलास्का इथल्या हिमनद्यांसमोर कॅमेरे लावून ठेवले, आणि त्या मागे सरकताना दिसतात ते बघवत नाही. एकेक फोटो बघितला तर नुसता छान बर्फ, ओळीने लावले की कळतं काय चाललंय.

तुम्हाला दोघांना मी अधूनमधून बघते, त्यामुळे माझ्याकडे तुमचीही अशीच फिल्म आहे, मधल्या फ्रेम नसलेली. एकदम बाबांचे केस जास्त पांढरे, एकदम आईचा जिना चढायचा वेग कमी. तुम्हाला एकमेकांत काहीच बदललेलं वाटत नाही, मला उडी दिसते. असो. म्हणून टोपलीच्या व्हिडिओत हात नीट दिसू देत, एवढंच.

सुरुवात मात्र ब्रह्मकमळाने करू नका, ते आपल्या मर्जीने फुलतं. आधी काचेची रिकामी बरणी घ्या. आत ओला टिश्यू गुंडाळून भरा, काच आणि टिश्यूच्या मधे घेवड्याची एक बी सरकवा, बाहेरून दिसेल अशी. टिश्यू ओला राहू दे, पण बी बुडू देऊ नका. खिडकीपासून जरा आत ठेवा, मागे काळं कापड. दर १५ मिनिटांनी फोटो, म्हणजे दिवसाला ९६, आठवड्याचे ६७२, आणि फिल्म २८ सेकंदांची. आधी मूळ खाली येईल, मग कोंब वाकून, मान खाली घालून वर निघेल आणि उजेड लागला की सरळ होईल.

बाबा, तुमच्यासाठी गंमत. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की बरणी आडवी करून तशीच ठेवा. मुळाच्या टोकाशी ज्या पेशी असतात त्यांच्यात स्टार्चचे, म्हणजे पिठूळ, कण असतात, ते घरंगळून नव्या खालच्या बाजूला बसतात आणि त्यावरून मुळाला कळतं की खाली कुठे आहे. ते परत खाली वळायला किती तास घेईल, तुमचा अंदाज आधीच कागदावर लिहून आईकडे द्या. खरं उत्तर मी फोटोंवरून मोजणार, प्रत्येक फोटो म्हणजे १५ मिनिटं, त्यामुळे घासाघीस चालणार नाही.

आई, बरणी आडवी करेपर्यंत बाबांना तिला हात लावू देऊ नकोस, ते उघडून बघणारच. फोटो जोडून फिल्म कशी करायची ते रविवारी व्हिडिओ कॉलवर दाखवते.

तुमची,
धाकटी