रविवारचा कराटे सेमिनार : नव्या ब्लॅक बेल्ट्ससाठी खास सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी वाशीला सेमिनार आहे. सकाळी ६.३० वाजता ठाणे स्टेशनवर ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर जमायचं. मेगाब्लॉक आहे का, ते शनिवारी रात्रीच बघून ठेवा.

यंदा शोदान, म्हणजे पहिल्या पायरीचे ब्लॅक बेल्ट, झालेल्यांशी जरा सविस्तर बोलायचंय. काळा पट्टा बांधून तुम्ही पहिल्यांदाच बाहेर सरावाला चालला आहात. काळ्या पट्ट्यांच्या रांगेत तुमची जागा शेवटची, न सांगता तिथे जाऊन उभे राहा. यात कमीपणा अजिबात नाही. शोदानमधल्या ‘शो’चा अर्थच मुळी सुरुवात. आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी यांनी आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे १९२४ साली दिले, तेव्हापासून प्रत्येक जण इथूनच पुढे गेला आहे.

तिथले सेन्सेई (प्रशिक्षक) एखाद्या काताचा (हालचालींच्या ठरावीक क्रमाचा) बुंकाई, म्हणजे त्या हालचालींचा प्रत्यक्ष लढतीतला वापर, वेगळा दाखवतील. ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. ते सांगतील तसंच करा, शंका मागाहून आपल्या दोजोत (सरावाच्या जागी) विचारा. आणि जोडीला लहान पट्ट्याचं कोणी आलं तर ताबा ठेवा. त्याला लागलं तर जबाबदारी तुमची.

नवा ओबी (पट्टा) कडक असतो, गाठ सारखी सुटते. घरी दोन-चार दिवस बांधून-सोडून मऊ करा. नखं कापलेली हवीत, अंगठी-कडं घरीच. पोहे-उपमा असं हलकं काहीतरी खाऊन निघा.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.