फुकेत-क्राबी सहलीच्या चुकीच्या सामान-यादीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सहलीपूर्वी दिलेल्या सूचनापत्रकातील चुका आणि त्यामुळे बसलेला भुर्दंड

महोदय,

आपल्या लातूर शाखेमार्फत जूनमध्ये थायलंडमधल्या फुकेत-क्राबीला गेलेल्या गटातर्फे हे पत्र आहे. हॉटेल, गाडी, जेवण यांबद्दल आमचं काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती निघण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ‘सामानाची यादी’ या पत्रकाबद्दल. त्यात कानटोपी आणि थर्मल आहे, पावसाचं मात्र नावही नाही. काश्मीर सहलीच्या पत्रकावर नुसतं गावाचं नाव बदललेलं दिसतं.

आधी पैशाचं. पत्रकात चेक-इन सामान 23 किलो, तिकिटावर 15 किलो. तिकीट आपणच काढलं, म्हणजे आकडा आपल्याकडे होता. मुंबईच्या काउंटरवर जादा वजनाचे पैसे भरावे लागले, पावत्या जोडल्या आहेत. ‘थायलंड अरायव्हल कार्ड, सरकारी शुल्क’ म्हणूनही प्रत्येकी रक्कम घेतली. 1 मे 2025 पासून लागू झालेलं हे डिजिटल कार्ड (टीडीएसी) थायलंड सरकारच्या संकेतस्थळावर मोफत भरता येतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. आपल्या माणसाने फॉर्म भरला म्हणून सेवाशुल्क लावलं असतं तर एक वेळ समजलो असतो. त्याला सरकारी शुल्क कसं म्हणता?

‘पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवा’ ही सूचना तर नियमाच्या थेट उलटी आहे. पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची असते. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कर्मचारी ती विझवू शकतात, सामानाच्या कप्प्यात उड्डाणात कुणी पोहोचू शकत नाही. मर्यादा 100 वॅट-अवरची (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप). 20,000 एमएएचची पॉवर बँक साधारण 74 वॅट-अवर भरते, ती चालते. त्यावरचा छापील आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत अडवतात, हेही पत्रकात हवं होतं.

खाण्याच्या बाबतीतही तेच. ‘घरचं खाणं हातातल्या बॅगेत घ्या’ असं मोघम लिहून कसं चालेल? धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी यांना सहसा अडचण येत नाही. लोणचं आणि तूप केबिनमध्ये अडतं, कारण 100 मिलीच्या वरचा द्रव किंवा लगदा चालत नाही. ते घट्ट झाकणाच्या डब्यात, वरून दोन पिशव्या बांधून, मोठ्या बॅगेत. खोबऱ्याच्या वाट्यांना मात्र मोठ्या बॅगेतही मनाई आहे. तेलामुळे सुकं खोबरं आपसूक तापून पेट घेऊ शकतं. आपल्याकडे प्रवासाच्या डब्यात खोबरं असतंच, तेव्हा लातूरच्या शाखेने ही ओळ सगळ्यात वर छापायला हवी.

आता मुख्य मुद्दा, हवेचा. पत्रक म्हणतं, ‘मराठवाड्यातल्या लोकांना उन्हाची सवय असते, वेगळी तयारी नको.’ इथलं ऊन कोरडं. 42 अंशांतही घाम लगेच उडतो, अंग निवतं, धुतलेला सदरा तासाभरात वाळतो. फुकेतला पारा 32 वर असला तरी हवा दमट, घाम अंगावरच राहतो आणि थकवा लवकर येतो. जीन्स तिथे दोन दिवस ओलीच राहते, मग कुबट वास आणि जांघेत पुरळ. पातळ नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे, दोरी, चार चिमटे, ओल्या कपड्यांसाठी झिपच्या पिशव्या आणि ओआरएसची पाकिटं (मोठं पाकीट असेल तर एक लिटर पाण्यात एक, अर्धं-अर्धं नव्हे) एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. कातडी चप्पल खाऱ्या पाण्यात फुगते, तिथे रबरी सँडल लागते. आणि जून हा त्या किनाऱ्यावर पावसाळा. स्पीडबोटीत छत्री उलटते. पातळ रेनकोट आणि पासपोर्टसाठी ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी) हवी. बोट लागते त्यांनी उलटीची गोळी बोटीत चढण्याच्या तासभर आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

‘30 मिलीचं सनस्क्रीन पुरे’ म्हणता, पण मोठ्या माणसाच्या अंगाला एका वेळेलाच तेवढं लागतं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं. शिवाय ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, 4-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर किंवा ब्युटिलपॅराबेन असलेल्या सनस्क्रीनला थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत 2021 पासून बंदी आहे, दंड एक लाख बाटपर्यंत. फी फी बेटं त्यातच येतात आणि आपण आम्हाला तिथेच नेलं. डासांचं मलम सनस्क्रीनच्या नंतर, वरून लावायचं, आणि तेही दिवसा; डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावतो. पत्रकात ‘रात्री लावा’ आहे.

औषधांवर एकच ओळ : ‘आपापली औषधं घ्या.’ गटात निम्मे ज्येष्ठ होते. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हवीत, आणि इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत नको, गोठलं तर वाया जातं. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन (खोकल्याच्या, वेदनेच्या काही औषधांतला घटक) असलेल्या औषधांवर थायलंडमध्ये नियंत्रण आहे, ते आधी तपासायला सांगणं आपलं काम होतं.

आमच्या मागण्या : जादा वजनाचे आणि ‘सरकारी शुल्का’चे पैसे 15 दिवसांत परत करावेत, हे पत्रक मागे घेऊन, ठिकाण आणि महिना पाहून नवं काढावं, आणि ते निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, किमान तीन आठवडे आधी द्यावं. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

सोबत : सूचनापत्रक, तिकिटं, जादा वजनाच्या पावत्या, आपण दिलेली शुल्काची पावती.

आपले,
फुकेत-क्राबी सहलीतील प्रवासी, लातूर