पर्यायी डिझेल जनित्राची चाचणी भार देऊनच घ्या

मा. संपादक,
स. न.

लहान शहरांत ग्रिड गेल्यावर पाणीपुरवठा आणि रुग्णालय ज्या डिझेल जनित्रांच्या भरवशावर असतं, त्यांची मासिक चाचणी बहुधा भार न देता, म्हणजे विजेवर काहीही न चालवता, रिकामीच उरकली जाते. सेल्फ मारायचा, इंजिन दहा मिनिटं फिरवायचं, नोंदवहीत ‘ठीक’ लिहायचं. असं करण्यानं इंजिनाचं नुकसानच होतं. भार नसला की सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी इंजेक्टरच्या टोकांवर, टर्बोत, सायलेन्सरमध्ये बसते. एग्झॉस्टच्या जोडांतून काळं, चिकट तेल ओघळलेलं दिसलं तर हेच चाललंय असं समजावं. असं इंजिन ऐन वेळी पूर्ण भार पेलत नाही. म्हणून दरमहा क्षमतेच्या किमान 30 टक्के भार देऊन अर्धा तास तरी चालवावं. पंपांचा खरा भार देता आला तर फारच चांगलं, नाहीतर लोड बँक, म्हणजे कृत्रिम भार देणारं यंत्र, लावावी.

दहा मिनिटांच्या चाचणीत आणखी एक दोष झाकला जातो. तेवढ्यात फक्त डे टँकमधलं, म्हणजे इंजिनाला थेट डिझेल पुरवणाऱ्या छोट्या टाकीतलं, डिझेल जळतं. 1000 किलोवॅटचा जनित्र संच पूर्ण भारावर तासाला साधारण 260 लिटर डिझेल पितो. 1000 लिटरची डे टँक चार तासही पुरत नाही. पुढचं डिझेल मोठ्या टाकीतून आणणारा पंप जर ग्रिडच्या बाजूच्या पॅनेलवर जोडलेला असेल, तर ग्रिड गेल्यावर तो बंदच! मग संच थांबतो, डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन पुन्हा धरत नाही. हा पंप जनित्राच्याच पुरवठ्यावर हवा, सोबत हातपंपही.

मोठी टाकी अर्धी रिकामी ठेवली की रात्रीच्या गारव्यानं आतल्या हवेतल्या वाफेचं पाणी होऊन ते तळाशी जमतं. तळाचा कॉक उघडून काचेच्या बाटलीत नमुना घ्यावा आणि थोडा वेळ स्थिर ठेवावा. खाली पाणी, वर डिझेल आणि मध्ये काळपट बुळबुळीत थर दिसला तर टाकीत जिवाणू वाढलेत. तोच थर फिल्टर तुंबवतो. नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी साफ करावी लागते.

संच सुरूच न होण्याचं नेहमीचं कारण मात्र बॅटरी. चार्जरचा दिवा पाहून समाधान मानू नये, सेल्फ मारताना व्होल्टेज किती पडतं ते मोजावं. नोंदवहीतही ‘ठीक’ऐवजी तो आकडा, दिलेला भार, ऑईलचा दाब, कूलंटचं तापमान आणि दोन्ही टाक्यांची पातळी लिहावी.

आपला,
जनित्र देखभालीच्या क्षेत्रातील एक वाचक