ट्रेडमिल घ्यायच्या आधी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, तुम्ही पाठवलेले दोन्ही ट्रेडमिलचे फोटो पाहिले. फोनवर हा विषय दर वेळी ‘बरं, बघू’वर येऊन थांबतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे. नागपुरात मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन भाजायला लागतं, पारा ४५ च्या वर जातो आणि तुमच्या ट्रॅफिक पार्कच्या फेऱ्या बंद पडतात. घरात काहीतरी हवं, हे मलाही पटतं. पण ती ट्रेडमिल नको, आणि हे मी पैशांसाठी म्हणत नाही.

चालणं तुम्ही दोघं नेमाने करता. कमी पडतंय ते मांड्यांचं बळ. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, आणि साठीनंतर जास्तच वेगाने. चालल्याने दम टिकतो, पण स्नायू टिकायला त्यांच्यावर जोर पडावा लागतो. दिवाळीत आई सोफ्यावरून उठताना दोन्ही हातांनी रेटा देत होती आणि तुम्ही जिन्यात कठडा सोडत नव्हता, तेव्हापासून हे माझ्या डोक्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंसाठी आणि तीन दिवस तोल व बळ सांभाळणारा व्यायाम. पहिला भाग तुमचा फिरण्यात होतो, बाकीचे दोन अजिबात होत नाहीत. इतके पैसे घालून ट्रेडमिल आणली तरी ती पुन्हा पहिलाच भाग देणार.

आई, तुझ्या शुगरसाठीही हेच महत्त्वाचं. जेवणातली साखर रक्तातून ओढून घेण्याचं मोठं काम स्नायूच करतात.

म्हणून सुरुवात जेवणाच्या टेबलाच्या लाकडी खुर्चीने करा. प्लास्टिकची नको, तिचे पाय फाकतात. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घ्या आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. एकाने करायचं, दुसऱ्याने शेजारी थांबायचं. ही डॉक्टर वापरतात तीच चाचणी आहे. बाबा, ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीच्या खाली धरतात. आई, तुझ्या वयाला तो आकडा ११. हात टेकवावेच लागले तर शून्य लिहा आणि मला तसंच सांगा, लपवू नका. मग हाच व्यायाम म्हणून करायचा: उठताना श्वास सोडायचा, बसताना मनात तीनपर्यंत मोजत हळू खाली यायचं. बाबा, श्वास कोंडून जोर लावला की बीपी झटक्यात चढतं, तेवढं कटाक्षाने टाळा. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं आणि एका पायावर उभं राहणं, हे तोलासाठी.

विकत घ्यायचं ते व्यायामाच्या रबरी पट्ट्यांपासून. बर्डीच्या बाजारात जाऊन स्वतः ताणून बघा, कारण रंगावरून जोर ठरवता येत नाही, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. दहा-बारा वेळा ओढल्यावर हात थकेल पण खांदा वाकडा होणार नाही, तो तुमचा पट्टा. आईचा वेगळा घ्या. आणि तो पश्चिमेच्या गॅलरीत ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात रबर चिरतं आणि ताणलेला पट्टा तुटून तोंडावर बसतो. वापरण्याआधी दर वेळी बारीक चिरा बघत जा. डंबेल एक किलो आणि दोन किलोची जोडी पुरे, षटकोनी घ्या म्हणजे फरशीवर घरंगळणार नाहीत. चटई सहा मिलिमीटरची. जाड आणि मऊ चटईवर उभं राहिलं की पाय डळमळतो.

आता उन्हाळ्याचं. मला विचाराल तर जागेवरच चालवायची मॅग्नेटिक सायकल, म्हणजे जिच्या पॅडलवरचा जोर चुंबकाने कमी-जास्त होतो ती, तीसुद्धा पाठ टेकवून बसायची, पाय पुढे असलेली. जागा जास्त खाते, पण आईला पाय उंच टाकून चढावं लागत नाही आणि गुडघ्यावर शरीराचं वजन येत नाही. आवाज कमी, त्यामुळे दुपारी आई झोपली तरी तुम्ही चालवू शकता. वीज गेली तरी पॅडल बहुतेक सायकलींचं फिरतंच. ट्रेडमिलचा पट्टा मात्र तुम्हाला गरगरलं तरी फिरत राहतो. तुम्ही सकाळी बीपीची गोळी घेता, म्हणून मला याचीच जास्त भीती वाटते. तुमच्या दुसऱ्या फोटोतल्या मशीनला तर धरायला दांडाच नाही. दुकानात दोघांनीही सायकलवर बसून बघा. पॅडल सगळ्यात लांब गेल्यावर गुडघा जरासा वाकलेला राहिला पाहिजे, आणि सीट दोघांच्या उंचीला सरकली पाहिजे.

सायकल कूलरच्या झोतात ठेवाल हे मी धरूनच चालते, ठेवा. फक्त कूलरखाली जे पाणी सांडतं त्या बाजूने चढू-उतरू नका. चढताना पायात बूट हवेत. आई, तुला तर शुगरमुळे अनवाणी व्यायाम करायचाच नाही.

फिरणं मात्र सोडू नका. मेमध्ये साडेपाचला उजाडतं, तेव्हाच निघून साडेसहाच्या आत घरी या.

आधी डॉक्टरांना विचारा. बाबांचं बीपी आणि आईचा गुडघा पाहून त्यांनी हो म्हटलं की खुर्चीची चाचणी करा. आकडे आणि हॉलमध्ये खिडकीजवळची मोकळी जागा, लांबी-रुंदी टेपने मोजून, रविवारी फोनवर सांगा. जागा कळली की सायकलची निवड आपण तिघं मिळून करू, पैसे मी देणार आहे.

तुमची,
मीनू