ग्रंथालयमंत्र्यांना खुलं पत्र : उद्घाटनानंतरच्या दिवसाबद्दल

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

ग्रंथालयांच्या डिजिटायझेशनचा विषय निघाला की आधी यंत्रांची यादी तयार होते. स्कॅनर, संगणक, सर्व्हर, दर्शनी भिंतीवर मोठा पडदा. यंत्रांशी माझं वैर नाही, निम्मी नोकरी मी त्यांच्यासमोर बसूनच केली. पण त्या यादीत माणूस नसतो आणि निधी एकदाच मिळतो. फीत कापली जाते, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडल्यावर पुढे काय, हे कुठल्याच प्रस्तावात लिहिलेलं नसतं.

मी काम केलेल्या एका ग्रंथालयात जुन्या मासिकांचे अंक ठेकेदाराकडून स्कॅन करून घेतले होते. दर पानामागे ठरलेला, त्यामुळे पानं भराभर उरकली. फायलींची नावं ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २’ अशी. वर्ष नाही, अंक नाही, लेखाचं शीर्षक नाही. पुढे एक अभ्यासक बाई एका लेखाच्या शोधात आल्या. तो अंक आमच्याकडे आहे हे मला माहीत होतं, कारण मी तो स्वतः हाताळला होता. संगणकात काही तो मिळेना. शेवटी दाखलनोंदवही काढली, कपाट उघडलं आणि थोड्या वेळात अंक त्यांच्या हातात ठेवला. कागदाच्या अंकांची नीट नोंद माझ्या आधीच्या कुणीतरी करून ठेवली होती. फायलींची कुणीच केली नव्हती.

या नोंदीला आता मेटाडेटा म्हणतात. काम जुनंच आहे. १९६०च्या दशकात हेन्रिएट अव्रम या प्रोग्रॅमर बाईंनी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ‘मार्क’ हा आराखडा घडवला, म्हणजे तालिकापत्रावरची (पुस्तकाच्या नोंदीच्या कार्डावरची) माहिती यंत्राला वाचता येऊ लागली. त्यासाठी त्यांना आधी तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याची रीत, शिकावं लागलं. त्या कार्डावर स्वल्पविराम कुठे आणि का येतो हे कळल्याशिवाय प्रोग्रॅम लिहिणं शक्यच नव्हतं. आपल्या निविदा लिहिणाऱ्यांनी निदान एक दिवस तालिका विभागात बसावं, असं मला फार वाटतं.

देवनागरीत तर हे काम आणखी नाजूक. युनिकोड ही संगणकात अक्षरं साठवण्याची सर्वमान्य पद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या नोंदी नव्या प्रणालीत नेल्या की पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड दिसते. एकच लेखक कुठे पूर्ण नावानं, कुठे आद्याक्षरांनी, कुठे टोपणनावानं नोंदलेला असतो. कुलकर्णींचे मध्येच कुळकर्णी होतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. वाचक शोधतो, ‘एकही नोंद नाही’ असं उत्तर येतं आणि पुस्तक तर समोरच्या फळीवर असतं. हे सगळं जुळवायला भाषा जाणणारा आणि संग्रह ओळखणारा माणूस लागतो. तो ठेक्यावर तीन महिन्यांसाठी आणता येत नाही.

सॉफ्टवेअर महाग असतं म्हणून कामं अडतात, असंही ऐकते. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टपुढे १९९९ साली हाच प्रश्न होता. त्यांची जुनी प्रणाली २००० सालात टिकणार नव्हती. त्यांनी ‘कोहा’ ही ग्रंथालयाचं काम सांभाळणारी नवी प्रणाली बनवून घेतली आणि सगळ्यांसाठी खुली केली. आज ती जगभर वापरली जाते, फुकट मिळते. पण ती बसवायला, अद्ययावत ठेवायला आणि बिघडली तर रात्री उठून बघायला कुणीतरी लागतंच. त्या कुणाचा तरी पगार आपल्या अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षाखाली आहे?

ई-पुस्तकांचं प्रकरण वेगळं आहे आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. छापील पुस्तक विकत घेतलं की ते ग्रंथालयाचं होतं. फाटलं तर शिवता येतं, कसर लागली तर उन्हात घालता येतं. ई-पुस्तकाचा बहुधा फक्त परवाना मिळतो. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशन कंपनीनं अमेरिकेतल्या ग्रंथालयांना अट घातली की एक ई-पुस्तक सव्वीस वेळा दिलं की परवाना संपला, हवं तर पुन्हा घ्या. दोन-दोन आठवड्यांनी दिलं तर वर्षभरात खेळ खलास. असे करार करताना खरेदी विभाग टेबलाशी असतो, ग्रंथपाल नसतो. तो असता तर विचारता झाला असता की परवाना संपल्यावर आमच्याकडे काय उरतं, आणि कोण काय वाचतं याची नोंद कंपनीकडे का जाते.

सुरक्षेबद्दल एकच उदाहरण देते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. मुख्य तालिका ऑनलाइन परत यायला जानेवारी उजाडला, तीही फक्त शोधण्यापुरती. जुनाट प्रणालींमुळे सावरायला जास्त वेळ लागला, असं त्यांनीच आपल्या अहवालात लिहिलं. तिथे ही गत, तर एकाच हार्ड डिस्कवर सगळा संग्रह ठेवणाऱ्यांचं काय होईल ते सांगायला नको.

आणि हल्ली एक नवंच काम आलं आहे. वाचक चिठ्ठी घेऊन येतात. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, सगळं व्यवस्थित. फक्त ते पुस्तक कधी छापलंच गेलेलं नसतं, चॅटबॉटनं रचून दिलेलं असतं. असलेलं पुस्तक शोधण्यापेक्षा नसलेलं पुस्तक नाही हे पटवायला जास्त वेळ जातो. ‘तुमच्याकडे नसेल, पण कुठेतरी असेलच ना?’ असं विचारणाऱ्याला तासभर तालिका उघडून दाखवाव्या लागतात. आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग ग्रंथपाल कशाला, असं म्हणणाऱ्यांना मला त्या तासाला शेजारी बसवायचं आहे.

म्हणून मागणं असं, की पैसे पानामागे देऊ नका, तपासलेल्या नोंदीमागे द्या. स्कॅनिंगच्या प्रत्येक प्रस्तावासोबत दरवर्षीचा देखभालीचा खर्च मंजूर करा आणि तो जमत नसेल तर संग्रह निम्मा स्कॅन करा, पण नीट करा. नोंदी मार्कमध्ये बाहेर काढता येत नाहीत अशी प्रणाली घेऊच नका. ग्रंथपालाची जागा रिकामी आहे तिथे यंत्र नंतर पाठवा, आधी माणूस पाठवा.

त्या ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २’ फायलींना नावं द्यायचं काम मी सुरू केलं होतं. दुपारी देवघेव थंडावली की अंक शेजारी ठेवून एकेक फाइल उघडायची. निवृत्त झाले तेव्हा निम्मंही झालं नव्हतं. माझी जागा अजून भरलेली नाही.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल